ट्रेल, शॉकअप आणि बारा चिठ्ठ्या

होस्टेलच्या सायकल स्टँडवर जेवढे वाद होतात तेवढे मेसच्या भाजीवरूनही होत नसतील. एक म्हणतो, "माझी मक्खन चालते." दुसरा तीच सायकल एक राउंड मारून आणतो आणि म्हणतो, "ही काय सायकल आहे? बैलगाडी आहे!" गंमत अशी की दोघंही खरं बोलत असतात. दोघं खरे कसे, हे समजून घ्यायला थिअरी ऑफ मशीन्स आणि व्हायब्रेशन्सची दोन-तीन पानं पुरतात. तीच पानं, जी आपण जर्नलमध्ये उतरवून काढतो आणि व्हायवा झाला की विसरतो.

ती पानं मला पुन्हा उघडावी लागली ती मामांमुळे. मामांचं शेत वारंगा फाट्यापासून आत आहे. मामेभाऊ अकरावीला. रोज आखाड्यावरून फाट्यापर्यंत सायकल, तिथून पुढे बस. त्याला पाहिजे होती डबल शॉकअपवाली. सोयाबीनचे पैसे हातात होते, आणि मामा म्हणाले, "तू इंजिनिअरिंगला हाएस नं? मंग तूच सांग कोणती घ्यायची. पण एकदाच घेणार हाव बरं." आता बोला! व्हायवाला एक्स्टर्नलसुद्धा इतका सरळ प्रश्न विचारत नाही.

ज्यांना वारंगा फाटा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडंसं. हिंगोली जिल्हा (परभणीतून तो १ मे १९९९ ला वेगळा झाला), तालुका कळमनुरी. एक रस्ता अर्धापूरवरून नांदेडला, एक आखाडा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीला आणि एक हदगाव, उमरखेडवरून नागपूरकडे. आपल्यापैकी अर्ध्या पोरांनी इथं उतरून खिचडी खाल्ली असेल आणि गाव न पाहताच पुन्हा गाडीत बसले असतील. पण सायकल तपासायला याच्यासारखी जागा नाही. हायवे गुळगुळीत डांबरी. त्याला लागून मुरमाचा रस्ता, ट्रॅक्टरनी कंगोरे पाडलेला. आणि आत गेलं की काळ्या मातीची पांदण: दिवाळीनंतर वाळून दगड झालेल्या चाकोऱ्या, दोन्ही बाजूंनी बाभळी आणि खाली सराटे. टेस्ट ट्रॅक म्हणून बांधायला घेतला असता तरी यापेक्षा चांगला जमला नसता.

सायकली तीन जमवल्या. पहिली मामांची काळी, २८ इंची चाकं, दांडीचे ब्रेक, मागं भलंमोठं कॅरिअर. दुसरी शेजारच्या पोराची २६ इंची डबल शॉकअप, म्हणजे पुढं चिमट्यात स्प्रिंग आणि मागं सीटखाली स्प्रिंग. तिसरी माझ्या रूममेटची २९ इंची, फक्त पुढं शॉकअप. चालवणारे चार: मामा, ८४ किलोचा रूममेट, ४५ किलोचा मामेभाऊ आणि मी. एकच नियम ठेवला: उतरल्यावर कुणाशी न बोलता चिठ्ठीवर लिहायचं. कारण पहिला माणूस "भारी" म्हणाला की मागचे तिघं तेच म्हणतात, हा होस्टेलचा अनुभव. चार माणसं, तीन सायकली, बारा चिठ्ठ्या.

चिठ्ठ्या उघडल्या तर एकाही सायकलीवर चौघांचं एकमत नाही. काळीबद्दल मामा: "हात सोडून चालते." रूममेट: "वळतच नाही, एसटी चालवल्यासारखं." डबल शॉकअपबद्दल मामेभाऊ: "एक नंबर, उडती." मामा: "पायडल मारलं की बसकण मारती. अर्धी ताकद सायकलच खाती." रूममेट: "चाकोरीत ब्रेक दाबला आणि पुढचं चाक पळून गेलं." २९ इंचीवर तो स्वतः खूष, मामा मात्र लिहितात: "हळू चालवली की हँडल आपोआप एकीकडं पडतं." आणि सगळ्यात मजेदार हे की तिच्याच शॉकअपबद्दल रूममेट म्हणतो "मऊ", मामेभाऊ म्हणतो "याच्यात शॉकअप हाय का खरंच?"

आधी ट्रेल

पुढच्या चिमट्याचा दांडा तिरका असतो. त्याची रेषा तशीच खाली वाढवली तर ती जमिनीला चाकाच्या टेकण्याच्या जागेच्या पुढं लागते. या दोन जागांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. बाजारातल्या ट्रॉलीचं छोटं चाक आठवा: ते आपोआप मागं वळून सरळ होतं, तसंच काहीसं इथं होतं. ट्रेल जास्त तर चाक सरळ राहायला बघतं, कमी तर पटकन वळतं. काढायचं सोपं आहे: चाकाची त्रिज्या गुणिले कोनाचा कोसाइन, त्यातून चिमट्याचा ऑफसेट वजा, आणि आलेल्याला कोनाच्या साइनने भागा. कोन म्हणजे दांड्याने जमिनीशी केलेला. ऑफसेट म्हणजे दांड्याच्या रेषेपासून चाकाचा अक्ष किती पुढं आहे ते.

मोबाइलच्या लेव्हलने कोन घेतले, बाकी मोजपट्टीने. काळी: ६७ अंश, त्रिज्या ३५५ मिमी, ऑफसेट ७५. ट्रेल आला ६९ मिमी. डबल शॉकअप: ७१ अंश, त्रिज्या ३३५, ऑफसेट ३८. ट्रेल ७५. २९ इंची: ६९ अंश, ३६४, ऑफसेट ४४. ट्रेल ९३.

इथं थांबा जरा. स्टँडवर कायम ऐकू येणारं वाक्य म्हणजे "कोन जितका झोपलेला तितकी सायकल स्थिर." काळीचा कोन तिघींत सगळ्यात झोपलेला आणि ट्रेल सगळ्यात कमी! कारण तिचा चिमटा खाली भरपूर पुढं वाकवलेला आहे. नुसता कोन सांगणं म्हणजे नुसतं व्होल्टेज सांगून पॉवर विचारणं. मग मामा हात सोडून कसे चालवतात? एक तर तिच्या दोन अक्षांमधलं अंतर ११६० मिमी, डबल शॉकअपचं १०५०. लांब सायकल हळू वळते, रूममेटची एसटी ती हीच. दुसरं म्हणजे मोठी जड लोखंडी चाकं. आणि तिसरं, चाळीस वर्षांची सवय, जिचं सूत्र कुठल्याही टेक्स्टबुकात नाही.

"हँडल एकीकडं पडतं" या मामांच्या चिठ्ठीचंही गणित आहे. हँडल वळवलं की सायकलचं पुढचं तोंड किंचित खाली येतं, मग वजनच ते आणखी वळवतं. हे किती, ते ट्रेल गुणिले कोनाचा साइन गुणिले कोसाइन या आकड्यावर ठरतं. डबल शॉकअपचा येतो २३ मिमी, काळीचा २५, २९ इंचीचा ३१. मामा दुधाचे कॅन लावून माणसाच्या चालीने जाणारे, त्यांना ३१ जाणवणारच. रूममेट उतारावर वेगाने जातो, तिथं तोच ट्रेल त्याला आधार देतो. परदेशात उताराच्या सायकलींचे कोन आता ६५ अंशांच्या आसपास गेलेत आणि ट्रेल १२० मिमीच्या वर. पण त्या डोंगर उतरायला. पांदणीत बैलजोडीमागून चालायला नव्हे.

(ज्यांना वाटतं की ट्रेल आणि चाकाचा जायरोस्कोपिक परिणाम म्हणजेच सायकलचा तोल, त्यांनी जपून. २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात कोइमन, पापाडोपोलस, रुइना वगैरे मंडळींनी एक सायकल दाखवली, जिच्यात हे दोन्ही जवळजवळ काढून टाकले होते, तरी ढकलली की ती स्वतः तोल सांभाळत होती. वजन कुठं आहे यालाही तेवढंच महत्त्व आहे. म्हणून ट्रेल हा उपयोगी आकडा, अंतिम सत्य नाही.)

आता एक मजा. माउंटन बाइकची सुरुवात आपल्या काळीच्याच अमेरिकन बहिणींपासून झाली. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत १९७० च्या दशकात काही पोरं १९३०-४० सालच्या जाड टायरच्या जुन्या जड सायकली घेऊन डोंगर उतरायची. त्यांच्या शर्यतीचं नाव 'रिपॅक', १९७६ पासून. एका उतारात मागच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून जायचं, ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून रिपॅक. जो ब्रीझने १९७७ मध्ये खास या कामासाठी फ्रेम बांधली. शॉकअप आलं पुष्कळ नंतर, रॉकशॉक्सचा पहिला चिमटा १९८९ चा. म्हणजे पहिली तेरा वर्षं ही मंडळी बिनशॉकअपच होती, हे मामेभावाला मुद्दाम दोनदा सांगितलं. (आपल्याकडची अ‍ॅटलास मात्र गेली. साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद झाला, आणि तो दिवस जागतिक सायकल दिन होता. नियतीलाही पीजे मारायची सवय आहे.)

मग शॉकअप

भूमिती आणि सस्पेन्शन हे दोन वेगळे चॅप्टर नाहीत. शॉकअप दबलं की कोन बदलतो. डबल शॉकअपवर रूममेटने ब्रेक दाबला. पुढचं स्प्रिंग मागच्यापेक्षा समजा ५० मिमी जास्त दबलं, तर १०५० मिमी लांबीच्या सायकलला ते अडीच अंश झाले. ७१ चे ७३.५, आणि ट्रेल ७५ वरून ६०. उलट बसून जोरात पायडल मारताना मागचं ३० मिमी जास्त दबलं तर कोन ६९.४, ट्रेल ८५. एकाच फ्रेममध्ये दोन सायकली! वर चढताना सुस्त, आणि नेमकी ब्रेकच्या वेळी, जेव्हा स्थिरता पाहिजे, तेव्हा चंचल. "पुढचं चाक पळून गेलं" हे वाक्य त्या १५ मिमीतून आलं.

हे चांगल्या सायकलीतही थोडंफार होतं. पण तिथं स्प्रिंगच्या जोडीला तेलाचा डॅम्पर असतो, तो दबण्याचा आणि उसळण्याचा वेग आवरतो. स्वस्त सायकलीत डॅम्पर नसतोच. तिथं डॅम्पिंग म्हणजे लोखंडी नळी, प्लॅस्टिकचं बुश, वाळलेलं ग्रीस आणि फाट्यावरची धूळ यांचं घर्षण. व्हायब्रेशन्समध्ये कूलम्ब डॅम्पिंग शिकतो ते हेच. त्याचा स्वभाव असा की ठरावीक बळापर्यंत काहीच हलत नाही, आणि एकदा हललं की आवरत नाही.

आता मऊ की कडक? समजा पुढच्या स्प्रिंगला १ मिमी दाबायला १० न्यूटन लागतात, एकूण खेळ ६० मिमी, आणि माणसाचं ४० टक्के वजन पुढच्या चाकावर येतं. रूममेटचे ८४ किलो: नुसतं बसल्यावर ३३ मिमी दबलं, उरले २७. मोठ्या खड्ड्यात खट्कन तळ लागणार. मामेभावाचे ४५ किलो: दबलं १८ मिमी, उरले ४२. नैसर्गिक कंपनसंख्या काढली तर रूममेटची सेकंदाला २.७, मामेभावाची ३.७. मुरमाच्या रस्त्यावर कंगोरे साधारण ६० सेंटिमीटरवर आहेत, ताशी १५ किमीला सेकंदाला सात धक्के. पुस्तकाप्रमाणे दोघांनाही स्प्रिंगने वाचवायला पाहिजे, कारण सात हे दोघांच्याही दीड पटीहून जास्त. पण हलकं पोरगं. त्याच्या वाट्याचा छोटा धक्का घर्षणाची पातळीच ओलांडत नाही. चिमटा जाम राहतो, धक्का सरळ मनगटात. म्हणजे "शॉकअप हाय का?" हा त्याचा प्रश्न अगदी शास्त्रीय होता. एक किलो-दीड किलो जास्तीचं लोखंड तो रोज वाहणार आणि त्याचा उपयोग स्टँडवर मुलांना दाखवण्यापुरता.

मग त्याला डबल शॉकअप "उडती" का वाटली? कारण मागचं स्प्रिंग सीटखाली आहे, तिथं वजन जास्त पडतं, ते खरंच हलतं. आणि न आवरलेलं स्प्रिंग उसळी मारतं. सोळाव्या वर्षी उसळी आवडते. मामांना तीच उसळी पायडलची ताकद गिळताना दिसली. एकच घटना, दोन चिठ्ठ्या.

राहिला टायर, ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. टायर हे सगळ्यात हलकं आणि घर्षणात न अडकणारं शॉकअप आहे. फाट्यावर ट्रकच्या कॉम्प्रेसरने हवा भरणारा दगडासारखा टायर करून देतो, "टाइट पाहिजे नं?" म्हणत. त्याच २९ इंचीतली हवा आम्ही ३० पीएसआयपर्यंत उतरवली आणि मामेभावाला पुन्हा मुरमावर पाठवलं. या वेळी चिठ्ठी न लिहिता ओरडतच आला, "आता चालू झालं शॉकअप!" चिमटा जामच होता. रूममेटला मात्र तेवढ्या हवेत रीम दगडावर आपटल्याचं जाणवलं, त्याला ४५ लागले.

मामांना उत्तर दिलं: बिनशॉकअपची, २६ इंची, १.९५ रुंदीचे टायर, अॅल्युमिनियमची रीम. रीमचं कारण पावसाळा. काळीच्या लोखंडी रीमवर ओल्यात रबराचे ब्रेक धरत नाहीत, हे मामांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. मडगार्ड आणि टायरमध्ये दोन बोटं जागा बघून घेतली, नाहीतर काळ्या मातीचा गारा भरून चाकच बसतं. वाचलेल्या पैशात दोन जादा ट्यूब आणि एक पंप आला, सराट्यांसाठी. मामेभाऊ दोन दिवस फुगून होता. तिसऱ्या दिवशी हवा किती ठेवायची ते विचारायला आला.

तुम्हाला तुमची सायकल मोजायची असेल तर ओळंबा, मोजपट्टी आणि लेव्हल असलेला मोबाइल एवढंच लागतं. हवा भरून, सपाट जागी, कुणीतरी सायकल सरळ धरून ठेवायची. मग तेच सगळं स्वतः बसून पुन्हा मोजा. दोन आकड्यांत फरक किती पडतो ते बघा, शॉकअपवाल्यांनी तर नक्कीच.

मामांनी नव्या सायकलीला पहिल्याच आठवड्यात कॅरिअर बसवून घेतलं. त्यावर वीस किलोचं पोतं ठेवलं की पुढचं चाक हलकं होऊन हँडल भिरभिरायला लागतं, ट्रेल जवळपास तेवढाच असून. पोतं अक्षाच्या किती मागं गेलं की हे सुरू होतं, ते उन्हाळ्याच्या सुट्टीत मोजायचं ठरलंय. वजनकाटे दोन लागतील, ज्याच्याकडे असतील त्याने रूमवर येऊन भेटावं.