मैदानाचे नाव कोणाचे?

(द्वितीय वर्ष, कला)

डहाणू रोडहून लोकलने चर्चगेटला उतरले, की पायी जाण्याच्या अंतरावर दोन मोठी क्रिकेट मैदाने लागतात. एक ब्रेबॉर्न, दुसरे वानखेडे. मैदानाला नाव कसे मिळते आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे समजून घ्यायला ही जोडी बरी आहे.

ब्रेबॉर्न १९३७ साली खुले झाले. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाला सरकारकडून जमीन हवी होती. सरकारसाठी पैसा हवा की स्वतःसाठी अमरत्व, असे क्लबच्या अँथनी डिमेलो यांनी गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांना विचारले, असे सांगतात. क्लबला जमीन मिळाली आणि मैदानाला गव्हर्नरांचे नाव. पुढे तिकिटांच्या वाटपावरून क्लब आणि मुंबईची क्रिकेट असोसिएशन यांचे बिनसले. असोसिएशनने स्वतःचे मैदान बांधून त्याला आपले अध्यक्ष शे. कृ. वानखेडे यांचे नाव दिले. जानेवारी १९७५ मध्ये तेथे पहिली कसोटी झाली. एक नाव जमिनीपोटी, दुसरे मानापोटी.

रोख पैशासाठी नाव देणे ही पुढची पायरी. पुण्याजवळ गहुंजे येथे महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे मैदान २०१२ मध्ये खुले झाले. पुढे सहारा समूहाशी सुमारे २०८ कोटी रुपयांचा करार होऊन त्याला सुब्रत रॉय सहारा यांचे नाव लागले. पैसे थकले, तेव्हा ते उतरले.

अमेरिकेत विद्यापीठांच्या मैदानांचीही नावे विकली जातात. केंटकी राज्यातील लुईव्हिल आणि लेक्झिंग्टन येथील दोन विद्यापीठे खेळात कट्टर प्रतिस्पर्धी आहेत. लुईव्हिलच्या फुटबॉल मैदानाला पापा जॉन्स या पिझ्झा कंपनीचे नाव होते. संस्थापकाने वर्णद्वेषी शब्द वापरल्यावर विद्यापीठाने २०१८ मध्ये ते काढले. लेक्झिंग्टनच्या मैदानाला २०१७ मध्ये क्रोगर या किराणा दुकानांच्या कंपनीचे नाव लागले. आता किराणा तर दोन्हीकडचे चाहते भरतात. मग एकाच्या मैदानावर नाव लावून दुसऱ्याचे मन कसे राखायचे?

ही अडचण मला परकी वाटत नाही. तलासरी तालुक्यातील आमच्या पाड्यावर दिवाळीनंतर टेनिस चेंडूच्या क्रिकेटची स्पर्धा होते. एका वर्षी आम्ही नाक्यावरच्या किराणा दुकानदाराकडे चषकासाठी पैसे मागितले. फलकावर दुकानाचे नाव लिहू, असेही सांगितले. तो म्हणाला, "तुमच्या बोर्डावर माझं नाव आलं, की पलीकडच्या पाड्याचं गिऱ्हाईक तुटलं." शेवटी त्याने दोन्ही पाड्यांना सारखेच चेंडू दिले आणि नाव कोठेच लावू दिले नाही. तेव्हा आम्हांला राग आला होता. आज त्याचा हिशेब पटतो. नाव लावणारा लोकांची आपुलकी विकत घेऊ पाहतो; चुरस असेल तेथे त्या आपुलकीबरोबर दुसऱ्या बाजूचा रोषही पदरात येतो.

विकणाऱ्याचाही धोका आहे. देणारा बुडाला किंवा बदनाम झाला, तर त्याचे नाव आपल्याच भिंतीवर राहते. तरीही खेळाला पैसा लागतो. अनवाणी खेळणाऱ्या मुलांना नुसत्या तत्त्वाने बूट मिळत नाहीत. म्हणून मला वाटते, की नाव द्यायचेच तर चषकाला द्यावे, ठराविक वर्षांसाठी द्यावे आणि पैसे आधी घ्यावेत. मैदान मात्र सर्वांचे असते. आमच्या मैदानाला कागदावर नाव नाही. कडेला ताडाची झाडे आहेत, म्हणून सगळे त्याला 'ताडाखाली' म्हणतात. पलीकडच्या पाड्याची मुलेही तेच म्हणतात.