वहिनींच्या न्हाणीबद्दल

बुलडाणा

चि. बापूस,


खुब्याच्या ऑपरेशननंतर वहिनी वॉकर धरून घरात फिरू लागल्या, हे फार बरं झालं. आता जुनी न्हाणी पाडून गुळगुळीत टाइल्सचं मोठं बाथरूम बांधायचं तुझ्या मनात आहे. घाई करू नकोस. माझा जन्म बांधकाम खात्यात गेला, तेव्हा एवढं ऐकच.

परवा त्यांना भेटून आलो. बोलता बोलता म्हणाल्या, "रातच्याला उठा लागते म्हनून सांजपासून पानीच नाई पेत मी." मला पडण्याइतकीच याचीही धास्ती वाटते. आपला संग्रामपूर तालुका खारपाणपट्ट्यातला. तिथे आणि जळगाव जामोदकडे किडनीच्या आजाराने किती घरं खचली, ते तुला सांगायला नको. वान धरणाच्या योजनेचं गोडं पाणी दारात आलं, आणि या बाई भीतीपोटी घोटभर पीत नाहीत! झोपण्याआधी त्या तांब्याभर पाणी बिनधास्त पितात का, यावरूनच तुझा खर्च सार्थकी लागला की नाही ते मी ठरवीन.

म्हणून आधी रात्रीची सोय कर. आपला संडास अंगणात आहे. स्वच्छ भारतच्या १२,००० रुपयांत बांधलेला, दार जेमतेम २ फुटांचं. वॉकर आत जातच नाही. रात्रीपुरती कमोड खुर्ची त्यांच्या खाटेजवळ ठेव, मध्ये पडदा लाव. त्यांना लाज वाटेल. सुनेने नव्हे, तू स्वतः भांडं धुतलंस तर लवकर कमी होईल. दिवसा भांडं काढून तीच खुर्ची संडासच्या पॅनवर ठेवता येते. मात्र चारही पाय सपाट टेकले पाहिजेत. पॅनच्या पायठ्यांवर एक पाय चढला की खुर्ची डुगडुगते, तेव्हा मिस्त्रीकडून तेवढी जागा सारखी करून घे. बसल्यावर त्यांची पावलं जमिनीला पूर्ण टेकावीत आणि गुडघे खुब्याच्या वर जाऊ नयेत. सहसा १८ इंचांच्या आसपास उंची जुळते.

संडासचं दार ३ फुटांचं कर आणि बाहेर उघडणारं बसव. आत माणूस दाराला टेकून पडलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. कडी काढ म्हटलंस तर वहिनी ऐकणार नाहीत, आणि का ऐकावं? बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येते अशी कडी मिळते, ती लाव. उंबरा फोडून सपाट कर, पाणी अडवायला तिथे जाळीची पन्हळ दे.

आता दांड्यांबद्दल, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात. दुकानदार चकचकीत दांडी देतो, मिस्त्री प्लास्टिकचे गट्टू ठोकून दोन स्क्रू मारतो आणि मोकळा होतो. आपल्या न्हाणीची भिंत जुन्या विटांची, आतल्या दरजा मातीच्या. वहिनींनी पूर्ण भार टाकला की गट्टू विटेच्या भुग्यासकट हातात येईल. तिथे बोल्ट भिंतीतून आरपार काढायचा आणि पलीकडे लोखंडी पट्टी लावून नट आवळायचा. मग दांडीला तू स्वतः लोंबकळून बघ. पाइप सव्वा ते दीड इंच जाड घे, भिंतीपासून दीड इंच सुटा. बोटं सहज मावतात, पण हात घसरून कोपरापर्यंत आत अडकत नाही. उंची पुस्तकातली घेऊ नकोस. वहिनींना खुर्चीवर बसव, उठताना त्यांचा हात आपसूक जिथे जातो तिथे खडूने खूण कर. मुलामा दिलेलं लोखंड आपल्या बोअरच्या खाऱ्या पाण्यात तग धरत नाही, ३०४ नंबरचं स्टेनलेस स्टील माग. आणि टॉवेलची ती किरकोळ दांडी आजच काढून टाक. तोल गेलेला माणूस काय मजबूत आहे ते पाहत बसत नाही, हाताला येईल ते धरतो.

फरशी खडबडीत, लहान तुकड्यांची बसव. सांधे जास्त तितकी पकड चांगली. बोअरचं पाणी जड, त्यात साबण फेसाळत नाही, चिकट थर धरतो, आणि त्यावरच पाय घसरतो. तो रोज घासायला हवा. ॲसिड ओतू नकोस, सांध्यांतलं सिमेंट खातं. शिवाय आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे फरशीचा उतार बिघडून पाणी साचतं. दर पावसाळ्यानंतर बादलीभर पाणी ओतून ते कुठे थांबतं ते बघ.

अंघोळीला प्लास्टिकचं स्टूल नको, ओल्यात त्याचे पाय फाकतात. रबरी बूट असलेलं रुंद पायांचं स्टूल आण. बादली जमिनीवर न ठेवता कट्ट्यावर, कमरेइतक्या उंचीला ठेव, म्हणजे वाकावं लागणार नाही. गरम पाणी दुसऱ्याने आणून द्यावं. दिव्याचं बटण खाटेवरून हाताला यावं. आपल्याकडे वीज कधी जाईल त्याचा नेम नाही, तेव्हा चार्जिंगचा बल्ब लाव.

पैशांचं म्हणशील तर राज्य सरकारची २०२४ पासूनची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. वय ६५ किंवा त्याहून जास्त आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर अशा साहित्यासाठी एकरकमी ३,००० रुपये बँक खात्यात येतात, कमोड खुर्ची त्यात बसते. तुझा पगार धरला तर आपण बसणार नाही. पण शेजारच्या म्हातारीला बसवता येईल, तिचा अर्ज समाजकल्याणच्या कार्यालयात तूच नेऊन दे.

मिस्त्रीला सांगण्याआधी न्हाणीच्या भिंतीचा पलीकडच्या बाजूने फोटो काढून पाठव. बोल्ट कुठे काढायचे ते मी खुणा करून कळवतो.

तुझा,
काका