लाईट गेली होती, तरी हात शेकला

आधीच सांगते, मला अडाणी समजू नका. औरंगपुऱ्यात सोळा वर्षं डीटीपी करतेय. विद्यापीठाचे प्रबंध टाइप करकरून उजव्या हाताचं वाटोळं झालं. कोपरापासून मनगटापर्यंत ठणका, पोळी लाटता येईना. कुणीतरी एका मशीनवाल्याकडे धाडलं. बारा सिटिंगचं पॅकेज, छत्तीसशे रुपये, आगाऊ.

"ताई, हात आधी जड होईल, मग ऊब जाणवेल," तो म्हणाला. अगदी तसंच झालं. चौथ्या सिटिंगनंतर मी पोळ्या लाटल्या, वर जाऊबाईंनाही पैसे भरायला लावले.

सातव्या वेळी पट्टा बांधून डोळे मिटून पडले होते. हात जड, छान ऊब. तेवढ्यात शेजारच्या दुकानातला पोरगा डोकावला, "काका, अर्धा तास झाला, लाईट कधी येणार?" पंखा इन्व्हर्टरवर फिरत होता, म्हणून मला पत्ताच नाही. मान वळवली, तर मशीनचा दिवा बंद. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "ताई, आत करंट साठलेला असतो."

पैसे परत मागितले, तर म्हणतो, "गुण येतोय ना?" यावर मला उत्तर सुचलं नाही, तेच सलतंय. ऊब खरी होती.

भाच्याने नंतर 2006 सालचा एक प्रयोग दाखवला. हार्वर्डच्या टेड कॅपचुक यांनी हातदुखीच्या 270 जणांपैकी काहींना नुसती पिठाची गोळी दिली, काहींना त्वचेत न शिरणारी नकली सुई. दुखणं दोन्हीकडे उतरलं, सुईवाल्यांचं जास्त. त्रासही झाला, ज्याला जो होईल म्हणून बजावला होता तोच! माझा हात जड का झाला, ते तेव्हा उमगलं.

म्हणून "बरं वाटतंय का" हे स्वतःला विचारूच नका. ओलं फडकं पिळता येतं का, किती पानांनंतर ठणका लागतो, ते कॅलेंडरवर लिहा. आपण जातो तेच दुखणं टिपेला पोचल्यावर. ते कधीकधी आपोआपही उतरतं. बोटांना मुंग्या येत असतील तर सरळ हाडांच्या डॉक्टरांकडे जा. व्यायाम करा, पाणी प्या, हे सगळे सांगतातच. माझा कीबोर्ड कोपरापेक्षा चार बोटं उंच होता, पण तो किती उंच आहे हे सात सिटिंगमध्ये त्या माणसाने एकदाही विचारलं नाही. सुताराने दीडशे रुपयांत फळी खाली घेतली.

जाऊबाईंचे छत्तीसशे मी अजून हप्त्याने फेडतेय.