विषम नमुने आणि संगणकाचे शिक्षण

हुबळी-धारवाड या जोडशहरात संगणकशास्त्राच्या उच्च शिक्षणाची सोय अलीकडच्या काळात बरीच वाढली आहे. २०१५ साली भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्था आणि २०१६ साली भारतीय तंत्रज्ञान संस्था येथे सुरू झाली. दुसऱ्या संस्थेचे आरंभीचे वर्ग धारवाडच्या जल व भूमी व्यवस्थापन संस्थेच्या आवारात भरत असत. हुबळीच्या नवनगर भागात कर्करोगावरील उपचार व संशोधनाची संस्थाही आहे. संगणकाच्या साहाय्याने रोग ओळखण्याचे प्रयत्न जगभर चालू असताना, ही दोन शास्त्रे जेथे एकत्र येतात तेथील एका अवघड प्रश्नाचा परिचय वाचकांस करून देण्याचे येथे योजिले आहे.

नियम न सांगता उदाहरणे दाखवून संगणकाला शिकविण्याच्या पद्धतीस यंत्रशिक्षण म्हणतात. मशीन लर्निंग हे तिचे इंग्रजी नाव आता वृत्तपत्रांतूनही रूढ झाले आहे. निरोगी व रोगी अशा दोन्ही प्रकारच्या माणसांची हजारो क्ष-किरण चित्रे दाखविली की संगणक त्यांतील फरक हळूहळू टिपू लागतो. अडचण अशी की, निरोगी माणसे फार आणि रोगी थोडी असतात. ज्वारी निवडणारी गृहिणी डोळ्यांपुढे आणावी. सुपात हजार दाण्यांमागे पाच खडे असतील आणि न पाहताच कोणी 'खडा एकही नाही' असे सांगितले, तरी हजारांपैकी ९९५ वेळा ते खरेच ठरेल. भाकरी खाताना मात्र त्या खरेपणाची किंमत कळते! संगणकही हीच सोपी वाट धरतो. त्यात त्याचा दोष नाही. एकूण चुका कमी कराव्यात एवढेच त्याला सांगितलेले असते.

या प्रश्नावर सर्वांत गाजलेले काम नितेश चावला यांचे होय. पुणे विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले आणि २००२ साली तीन सहकाऱ्यांसह त्यांनी 'स्मोट' नावाची रीत प्रसिद्ध केली. त्यांनी अभ्यासिलेल्या माहितीत स्तनांच्या क्ष-किरण चित्रांतील ११,१८३ नमुने होते. त्यांपैकी केवळ २६० नमुने चुन्याच्या सूक्ष्म कणांचे होते. असे कण काही वेळा कर्करोगाची पहिली खूण असतात. 'कण कोठेच नाहीत' असे सरसकट उत्तर देणारे यंत्रही येथे ९७.६८ टक्के अचूक ठरले असते, आणि ज्यांच्यासाठी सारा खटाटोप करावयाचा त्यांतील एकही नमुना त्याला सापडला नसता.

पूर्वी यावर दोन उपाय करीत. विपुल वर्गातील काही नमुने गाळावयाचे, किंवा विरळ वर्गातील तेच ते नमुने पुन्हा पुन्हा दाखवावयाचे. दुसऱ्या उपायाने यंत्र घोकंपट्टी करते. नवा नमुना आला की अडते. शिक्षकांस हा अनुभव नवा नाही. स्मोटमध्ये विरळ वर्गातील एक नमुना घेऊन त्याच वर्गातील त्याचे जवळचे शेजारी शोधतात आणि दोहोंच्या दरम्यान कोठेतरी पडेल असा नवा नमुना गणिताने तयार करतात. एका कणाचा आकार ६ व तेजस्विता २०, शेजारच्या कणाचा आकार ८ व तेजस्विता ३० असेल, तर ७ व २५ असा तिसरा नमुना मांडता येतो. हे कल्पित नमुने फक्त शिकविण्यासाठी असतात. परीक्षा खऱ्या, न दाखविलेल्या नमुन्यांवरच घ्यावी लागते. नमुने वाढवून मग परीक्षेसाठी वाटणी केली, तर प्रश्नपत्रिका आधीच फुटल्यासारखे होते.

असे एखादे यंत्र तालुक्याच्या रुग्णालयासाठी घ्यावयाचे झाले, तर अधिकाऱ्यांनी नुसत्या टक्केवारीवर समाधान मानू नये. समजा, १०,००० स्त्रियांची तपासणी झाली आणि त्यांत ५० रुग्ण आहेत. पहिले यंत्र सर्वांना निरोगी ठरविते. त्याची अचूकता ९९.५ टक्के. दुसरे यंत्र ५० पैकी ४० रुग्ण हेरते, पण ३०० निरोगी स्त्रियांनाही संशयित ठरविते. त्याची अचूकता ९६.९ टक्के. कागदावर पहिले श्रेष्ठ, तरी ४० स्त्रियांच्या दृष्टीने दुसरेच कामाचे. अर्थात त्या ३०० जणींना फेरतपासणीचा खर्च व काळजी सोसावी लागते, तोही हिशेब विसरता येत नाही. म्हणून दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत : खऱ्या रुग्णांपैकी किती सापडले, आणि संशयित ठरलेल्यांपैकी खरे रुग्ण किती निघाले?

स्मोट हा रामबाण उपाय आहे असे मात्र नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासात असे दिसून आले की, अशा रीतीने समतोल साधून शिकविलेली यंत्रे रोगाची शक्यता प्रत्यक्षाहून अधिक सांगू लागतात. शंभरांत दोघांना होणारा रोग शिकवणीत निम्म्यांना झालेला दाखविला, तर यंत्राला तो नेहमीचाच वाटणार. म्हणून रोग आहे की नाही एवढेच न विचारता धोका किती हे रुग्णाला सांगावयाचे असेल, तेव्हा मूळचे प्रमाण तसेच ठेवून केवळ संशयाची मर्यादारेषा खाली आणणे पुष्कळदा अधिक सोयीचे ठरते. ती रेषा कोठे आखावी हे गणित सांगत नाही. एक रुग्ण निसटणे आणि एका निरोगी स्त्रीला पुन्हा बोलावणे यांतील अंतर किती, हे डॉक्टरांनी व रुग्णालयानेच ठरवावे लागते.