सर्पगंधा, खाजकुइली आणि उंदराची भीती

बऱ्हाणपुरात मनाच्या दुखण्यावर औषध सांगणाऱ्यांना तोटा नाही. एकाच गावात सरकारी आयुर्वेद महाविद्यालय आहे, सैफिया हमीदिया युनानी महाविद्यालय आहे, आणि बाजारात पंसाऱ्यांची दुकानं आहेत ती वेगळीच. झोप लागत नाही म्हटलं की कुणी असगंध सुचवतो, कुणी खमीरा, कुणी ब्राह्मीचं तेल. मी औषधशास्त्र शिकलो आणि उमेदीची वर्षं वनस्पतींच्या अर्कांचा मेंदूवर काय परिणाम होतो हे उंदरांवर तपासण्यात घालवली. त्यामुळे गावी आलो की ‘सर, हे घेऊ का?’ हा प्रश्न ठरलेला. उत्तरं देता देता जे पक्कं होत गेलं ते इथे मांडतो. क्रमांक केवळ सोयीसाठी आहेत.

१. आधी झाड कोणतं ते ठरवा, मग गुण सांगा

शंखपुष्पी या एका नावाखाली देशात निदान चार वेगवेगळ्या वनस्पती खपतात. त्यांत आपल्या कुंपणावरची गोकर्णही आली. ब्राह्मीचं तेच. बऱ्याच मराठी घरांत कुंडीत ब्राह्मी म्हणून गोल पानांची जी वेल असते ती मंडूकपर्णी. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने स्मरणशक्तीसाठी ज्या ब्राह्मीवर काम केलं ती बारीक, मांसल पानांची, पाणथळ जागी पसरणारी जलनीम. ज्या बॅकोसाइडांचा एवढा बोलबाला आहे ती या दुसरीत सापडतात.

असगंधात घोळ वेगळा. औषध मुळाचं, पण अर्क काढताना पाला मिसळायचा मोह होतो, कारण पाल्यात विदाफेरिन-ए हे रसायन भरपूर असतं आणि तपासणीत आकडा छान दिसतो. पानं वापरू नका, असं २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाला कंपन्यांना सांगावं लागलं. पुडी घेण्यापेक्षा सबंध मूळ घ्यावं आणि दुकानातच मोडून पाहावं. चांगलं असगंध कट्‌कन तुटतं आणि आतून पांढरं, पिठूळ दिसतं. पंसारी तोंड वाकडं करतो, करू द्यावं.

२. उंदीर शांत झाला म्हणजे माणूस निवांत होईल असं नाही

चिंता कमी करणारं औषध तपासायला आम्ही अधिकच्या चिन्हाच्या आकाराची एक फळी वापरतो. जमिनीपासून अर्धा मीटर उंच. समोरासमोरच्या दोन फांद्यांना भिंती, उरलेल्या दोन उघड्या. पांढरा उंदीर मध्यावर सोडायचा आणि पाच मिनिटं बघायचं. उंदराला आडोसा प्रिय. तो भिंतीच्या फांदीत शिरतो, तोंड बाहेर काढतो, मिशा थरथरवत उघड्या फळीच्या कडेपर्यंत अंग ताणतो, मागचे पाय मात्र आतच रोवलेले. चिंतेवरचं नेहमीचं औषध डायझेपाम दिलेला उंदीर बिनदिक्कत उघड्यावर फिरतो. अर्क दिलेलाही तसाच फिरला तर आम्ही लिहितो, ‘चिंताशामक’.

पण नुसती धावाधाव वाढवणाऱ्या औषधानेही उंदीर उघड्यावर जाऊ शकतो, आणि गुंगी आणणाऱ्या औषधाने तो कुठेच जात नाही. म्हणून एकूण फेऱ्या मोजाव्या लागतात आणि मोजणाऱ्याला कोणत्या उंदराला काय दिलंय हे कळू द्यायचं नसतं. प्रबंध हातात आला की मी निष्कर्षाआधी या दोन गोष्टी शोधतो. त्या नसतील तर पुढची पानं चाळण्यापुरतीच. शिवाय त्या उंदराची भीती पाच मिनिटांची आहे. पीकविम्याच्या पैशांची वाट पाहत त्याला वर्ष काढायचं नसतं.

३. ज्या मुळीने घात केला तिनेच सर्वांत जास्त शिकवलं

वनस्पतीतून मेंदूचं औषध कसं निघतं ते समजून घ्यायचं असेल तर सर्पगंधेइतकी चांगली गोष्ट दुसरी नाही, आणि ती बरीचशी आपल्याच देशात घडलेली आहे. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमां सिद्दीकी यांनी १९३१ मध्ये या मुळातून एक अल्कलॉइड वेगळं केलं आणि हकीम अजमल खानांच्या नावावरून त्याला अजमलीन म्हटलं. त्याच वर्षी कलकत्त्यात सेन आणि बोस या डॉक्टरांनी वेडावर आणि रक्तदाबावर ही मुळी चालते असं प्रसिद्ध केलं. जगाचं लक्ष गेलं नाही. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि मग पळापळ सुरू झाली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत या मुळीतलं रेसर्पिन हाती लागलं, १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिलं.

मग तक्रारी येऊ लागल्या. काही रुग्ण खिन्न झाले, काहींच्या मनात आत्महत्येचे विचार आले, काहींचे हातपाय कंपवाताच्या रुग्णासारखे ताठरले. खिन्नतेचा संबंध किती पक्का यावर पुढे वाद झाले, पण त्या काळी प्रश्न पडला तो महत्त्वाचा: ही मुळी मेंदूत नेमकं करते काय?

बऱ्हाणपूर यंत्रमागांचं गाव, म्हणून इथल्या माणसाला ते लूमच्या भाषेत सांगतो. मज्जातंतूच्या टोकाशी रसायन भरलेल्या कांड्या तयार असतात. रेसर्पिन कांडी भरणारं यंत्रच बंद पाडतं. धोटा कितीही धावला तरी बाणा नाही, कापड नाही. डोपामिन, नॉरअॅड्रिनलिन, सेरोटोनिन, तिन्हींचा साठा रिता होतो.

स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसर्पिन दिलं. ससे मान टाकून निपचित पडले. मग त्यांना डोपामिनचा कच्चा माल, म्हणजे एल-डोपा, टोचलं, आणि थोड्याच वेळात ससे उठले. कंपवातावरच्या आजच्या मुख्य औषधाचा रस्ता तिथून निघाला आणि कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळालं.

हे एल-डोपा आपल्याकडे कुठे असतं? खाजकुइलीत. लहानपणी जिच्या मखमली शेंगांची कूस दुसऱ्याच्या शर्टात टाकून आपण पळायचो, तीच. तिच्या बियांतून ते १९३७ मध्ये मद्रासमध्ये वेगळं काढलं होतं, म्हणजे सशांच्या प्रयोगाच्या वीस वर्षं आधी. २००४ मध्ये लंडनमध्ये कंपवाताच्या आठ रुग्णांना बियांची ३० ग्रॅम पूड देऊन पाहिली, तर ती सुमारे ३५ मिनिटांत लागू पडली. नेहमीच्या गोळीला ६९ मिनिटं लागली. याचा अर्थ घरी बिया कुटाव्यात असा नाही. बीगणिक एल-डोपाचं प्रमाण बदलतं, आणि ते जास्त झालं की ओकारी, भास, अंग आपोआप वेळावणं हे सगळं येतं.

‘वनस्पतीचं आहे, दुष्परिणाम नाही’ असं कुणी म्हटलं की मला सर्पगंधा आठवते. दुष्परिणाम अजिबात नसेल तर बहुधा परिणामही नसतो.

४. हळद पोटात गेली म्हणजे डोक्यात गेली असं नाही

जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकन पेटंट १९९७ मध्ये माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने रद्द करवून घेतलं, त्याचा अभिमान मलाही आहे. पण रद्द झालं ते वापर जुना होता म्हणून. हळद मेंदूला वाचवते हे त्यातून सिद्ध होत नाही. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून कसंबसं शोषलं जातं, यकृत त्याचा लगेच निकाल लावतं, मेंदूपर्यंत पोचतं ते नाममात्र. बंगळूरच्या १९९८ च्या अभ्यासात दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतलं २० मिलिग्रॅम पिपरीन दिल्यावर रक्तातलं प्रमाण वीस पट वाढलं. छान. पण पिपरीन यकृताचा हात धरतं ते फक्त हळदीपुरतं नाही. मिरगीवरच्या फेनिटॉइनची पातळीही त्याने वाढते. भाजीतल्या मिरीने काही होत नाही. कॅप्सुलांची गोष्ट निराळी.

५. ‘मेंदूचं संरक्षण’ या शब्दांपाशी थांबा

पक्षाघातावर प्रयोगशाळेत तपासलेले १,०२६ उपाय २००६ मध्ये एका आढाव्यात मोजले गेले. रुग्णाच्या कामी आलेले हाताच्या बोटांवर. एक कारण साधं आहे: आम्ही उंदराला अर्क आठवडाभर आधी पाजतो आणि मग इजा करतो. रुग्ण इजा झाल्यावर येतो. गिंको या झाडाचा अर्क तर आजाराआधीच देऊन पाहिला. अमेरिकेत तीन हजारांवर वृद्धांच्या चाचणीत तो वर्षानुवर्षं दिला. २००८ मध्ये निकाल आला, स्मृतिभ्रंश टळला नाही. उलट बाजूही आहे. स्नोड्रॉप नावाच्या फुलझाडात सापडलेलं गॅलँटामीन आज अल्झायमरवर रीतसर दिलं जातं, आणि तेही आजार थांबवत नाही, थोडी उसंत देतं.

६. असगंधाला मी नाही म्हणत नाही, पण किती आणि किती दिवस ते विचारतो

२०१२ मध्ये भारतात ६४ तणावग्रस्त माणसांवर झालेल्या चाचणीत मुळाचा ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा, ६० दिवस दिला. ताण कमी झाला, ताणाचं संप्रेरक कॉर्टिसॉलही उतरलं. पुढच्या चाचण्याही बऱ्याचशा याच दिशेच्या, पण लहान आणि थोड्या दिवसांच्या. वर्षभर घेतल्यावर काय होतं याचं उत्तर त्यांत नाही. दुसरीकडे २०२० मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतून असगंधानंतर कावीळ झालेल्या रुग्णांची नोंद आली, २०२३ मध्ये डेन्मार्कने बंदीच घातली. बंदी मला अतिरेकी वाटते. पण यकृताचं दुखणं असेल, थायरॉईडची गोळी चालू असेल किंवा बाई गरोदर असेल तर मी सरळ नको सांगतो.

७. पुड्या पिशवीत घालून डॉक्टरकडे न्या

लूमवर रात्रपाळी करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने मध्यंतरी सर्पगंधेचं चूर्ण आणलं होतं. रात्रभर खडखड, दिवसा झोप नाही, वर रक्तदाब. एका पुडीत दोन्ही कामं होतील असा हिशेब. रक्तदाबाची गोळी आधीच चालू होती, आणि डॉक्टरला पुडीबद्दल सांगायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं, कारण ‘ती काय औषध थोडीच आहे’. दोन्ही मिळून दाब इतका खाली जाऊ शकतो की माणूस चालत्या लूमवर कोसळेल. मी त्याला पुडी बंद करून डॉक्टरकडे पाठवलं आणि घरातली चूर्णं, काढे, तेलाच्या बाटल्या सगळं सोबत न्यायला सांगितलं. पुडीवर काही लिहिलेलं नसेल तर पंसाऱ्याकडून नाव, भाग आणि वजन कागदावर लिहून घ्यायचं. रक्त पातळ करणारी, मिरगीची, साखरेची किंवा झोपेची गोळी चालू असेल तर हे टाळूच नये; शस्त्रक्रिया ठरली असेल तर तोच कागद भूल देणाऱ्या डॉक्टरलाही दाखवायचा.