परदेशी मोटार आणि आपला बाजार : स्कोडा कंपनीच्या वाटचालीचा अभ्यास

सोलापूरहून तुळजापूर, बीडमार्गे धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आपल्या चादरी-टॉवेलांच्या गाठी रोज जातात. त्याच रस्त्यावर पूर्वीचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर लागते आणि तेथून जालन्याच्या वाटेवर शेंद्र्याची औद्योगिक वसाहत आहे. या वसाहतीत चेक देशातील स्कोडा कंपनीने २००१ साली मोटारी जोडायला सुरुवात केली. मोटारीशी आपला काय संबंध, असे काही व्यापारी बंधू विचारतील. परंतु अनोळखी मुलखात आपला माल घेऊन उतरायचे कसे, हा प्रश्न मोटारवाल्याला पडतो तसाच केरळात किंवा दुबईत पहिल्यांदा टॉवेल पाठवणाऱ्यालाही पडतो. म्हणून हे प्रकरण आम्ही थोडे तपशिलात मांडत आहोत.

आधी मागची हकिकत. १९९३ साली मोटार उद्योगावरची परवाना पद्धत उठली आणि परदेशी कंपन्यांची रीघ लागली. फ्रान्सची प्यूजो कंपनी प्रीमियरशी भागीदारी करून कल्याणला आली. तिने आणलेले ३०९ हे मॉडेल युरोपात १९८५ साली निघालेले होते. मर्सिडीज टेल्कोबरोबर पिंपरीत उतरली आणि १९९५ साली ई-क्लास विकू लागली. नेमक्या त्याच वर्षी जर्मनीत ई-क्लासचे नवे मॉडेल बाजारात आले होते. म्हणजे तिकडे उतरणीला लागलेला माल इकडे नवा म्हणून मांडला गेला. गरीब देशाचे गिऱ्हाईक काय चौकशी करणार, असा हिशेब त्यामागे असावा असे आम्हाला वाटते. पण पंधरा-वीस लाख मोजणारा माणूस चौकशी करतोच. प्यूजोने १९९७ साली गाशा गुंडाळला. मर्सिडीज टिकली, कारण तिच्याकडे दम होता. तिने नवे मॉडेल आणले, पुढे २००९ मध्ये चाकणला स्वतःचा कारखाना काढला.

ह्युंदाईची चाल वेगळी. तिने भागीदार घेतलाच नाही. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला कारखाना टाकला, सुटे भाग बनवणारे आपले कोरियन कारखानदार सोबत आणले आणि १९९८ साली सँट्रो काढली. आपल्या भाषेत सांगायचे तर मागाबरोबर कांडीवाला, रंगवाला, सर्वांना घेऊन आली.

आता स्कोडा. मोटार बनवण्याचा तिचा अनुभव शंभर वर्षांचा. १९९१ पासून ती जर्मनीच्या फोक्सवॅगनच्या गोटात आहे. भारतात तिने पहिली ऑक्टाव्हिया आणली. सुटे भाग युरोपातून पेट्यांतून यायचे आणि शेंद्र्यात जोडणी व्हायची. या पद्धतीला सी.के.डी. म्हणतात. कमी भांडवलात बाजाराचा अंदाज घेण्यासाठी ती सोयीची आहे. पोत दणकट, डिझेल इंजिन कमी पिणारे, त्यामुळे डॉक्टर, वकील, बागायतदार यांनी ती पसंत केली. नाव झाले.

अडचण पुढे आली. भाग परदेशी म्हणून महाग, वेळेवर मिळेनात, बिल ऐकून मालक हबकायचा. सर्व्हिसच्या तक्रारी वर्षानुवर्षे छापून येत राहिल्या. याचा अर्थ आपल्या कारखानदारांना समजावून सांगण्याची गरज नाही. आमच्या परिचयातील एका कारखान्यात परदेशी रॅपियर मागाचे एक इलेक्ट्रॉनिक कार्ड जळाले. पुरवठादाराने 'पुढच्या आठवड्यात' म्हणत म्हणत दोन महिने काढले. माग उभा, कामगार बसून, बँकेचा हप्ता मात्र चालू. माग वाईट नव्हता, पण त्या मालकाने दुसरा माग त्या पुरवठादाराकडून घेतला नाही.

किमतीचेही तसेच झाले. २००८ साली आणलेली फाबिया ही छोटी मोटार मारुतीच्या स्विफ्टपुढे महाग पडली आणि २०१३ मध्ये बंद झाली. सूत परदेशातून आणून इचलकरंजीच्या भावात कापड विकता येत नाही, तसाच हा प्रकार.

२०१८ साली फोक्सवॅगनने भारताचे काम स्कोडाच्या हाती सोपवले आणि एक अब्ज युरोची योजना जाहीर केली. आमच्या मते खरा अभ्यास येथूनच सुरू होतो. २०१९ मध्ये पुण्यात तंत्रज्ञान केंद्र उघडले आणि भारतासाठी गाडीचा सांगाडा वेगळा तयार केला. २०२१ साली कुशाक आली. तिचे सुमारे ९५ टक्के भाग देशी ठेवण्याचे धोरण होते. खड्ड्यांचा विचार करून जमिनीपासूनची उंची १८८ मिलिमीटर ठेवली. चार वर्षे किंवा एक लाख किलोमीटरची हमी दिली. देखभालीचा खर्च किलोमीटरला ४६ पैशांपासून, असे जाहिरातीत सांगितले. गाडीच्या जाहिरातीत पैशांचा हिशेब मांडावा लागला, यावरून दुखणे कुठे होते ते कंपनीला समजले होते. तेव्हाचे प्रमुख झॅक हॉलिस तर ट्विटरवर गिऱ्हाइकांना स्वतः उत्तरे देत. आपल्याकडे किती पेढ्यांचे मालक परत आलेल्या मालाचा फोन स्वतः घेतात?

२०२४ मधील कायलॅक तर कायदा वाचून कापलेली गाडी आहे. चार मीटरच्या आतील लहान इंजिनाच्या गाडीला कर कमी लागतो. कायलॅकची लांबी ३,९९५ मिलिमीटर! पाच मिलिमीटर राखून करात बसवली आणि किंमत ७ लाख ८९ हजारांपासून ठेवली.

फळ काय मिळाले? २०२२ साली स्कोडाच्या ५३,७२१ गाड्या खपल्या, आदल्या वर्षीच्या दुपटीहून जास्त. त्या वर्षी देशात सुमारे ३८ लाख मोटारी विकल्या गेल्या, हेही लक्षात घ्यावे. वीस वर्षांनंतर मिळालेला वाटा शंभरात दीडही नाही. एवढी वर्षे तोटा सोसून थांबण्याची ताकद आपल्यापैकी कुणाकडेच नाही. त्यामुळे या कंपनीने शेवटी जे केले ते आपल्याला पहिल्या गाठीपासूनच करावे लागते. टॉवेलचे वजन, आकार आणि रंग तिथल्या दुकानदाराला विचारून ठरवावेत, आणि नासका माल बदलून देणारा माणूस त्याच गावात आधी नेमावा. सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे, पण अनोळखी गावात नुसत्या नावावर दुसरी ऑर्डर येत नाही. पानिपतचे मिंक ब्लँकेट कसे घुसले ते आपण पाहिलेच आहे.

एक गोष्ट राहिली. २०२४ साली सीमाशुल्क विभागाने या समूहाला सुमारे १४० कोटी डॉलरच्या कराची नोटीस दिली. जवळजवळ पूर्ण गाडीचे भाग वेगवेगळ्या पार्सलांत आणून सुटे भाग म्हणून दाखवले, असा आरोप होता. सी.के.डी.वर ३० ते ३५ टक्के शुल्क, सुट्या भागांवर ५ ते १५. कंपनीने आरोप नाकारला आणि २०२५ मध्ये प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. निकाल काहीही लागो, मालाला बिलावर कोणते नाव लावले यावर केवढी रक्कम अडकू शकते ते दिसते. आपल्या मालातही ब्लँकेट ६३०१ मध्ये, टॉवेल ६३०२ मध्ये आणि बेडस्प्रेड ६३०४ मध्ये बसते. चादरीची गाठ परदेशी पाठवण्यापूर्वी ती यांपैकी कशात धरायची, हे कर सल्लागाराकडून लेखी घेऊन ठेवावे.