घरचे बी, विकतचे बी

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि सनावळ्या आठवतात. शेतकऱ्याने आपले दप्तर कधी लिहून ठेवले नाही. मग त्याचा इतिहास शोधायचा कुठे? माझ्या मते बियाण्यात. विसाव्या शतकात जालना परिसराच्या शेतीत झालेला सर्वांत खोल बदल म्हणजे घरचे बी मागे पडून विकतचे बी आले, हा होय. वाचनातून आणि गावातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून जे कळले, ते येथे मांडते.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. स्वतंत्र जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्यापूर्वी त्यातला बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. राज्ये बदलली, पण पेरणीची रीत बराच काळ तीच राहिली. खळ्यावर टपोरी कणसे वेगळी काढायची, त्यांचे दाणे उन्हात वाळवायचे आणि राख व कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात किंवा कणगीत ठेवायचे. ही निवड बहुधा घरातल्या बायकाच करीत. ज्याचे बी सरले, तो सवाई-दिढीने आणी. म्हणजे पायलीला सव्वा किंवा दीड पायली परत करी. बी गावातच फिरत राही.

१९६४ साली दोन गोष्टी घडल्या. सी.एस.एच.-१ ही संकरित ज्वारी देशात प्रसारित झाली आणि बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात ‘महिको’ ही बियाणे कंपनी स्थापन केली. १९७० साली गुजरातेत संकर-४ हा कापसाचा संकरित वाण निघाला. संकरित बी दोन वेगळ्या वाणांच्या संयोगातून तयार होते. त्याच्या पिकातले दाणे पुन्हा पेरले, तर पहिला जोम राहत नाही. म्हणून दरवर्षी नवी पिशवी घ्यावी लागते. कणगीची जागा दुकानाने घेतली ती अशी.

१९७२च्या दुष्काळात तर अनेक घरांत बियाण्यासाठी राखलेले धान्यही जात्यात गेले, असे म्हातारी माणसे सांगतात.

या बदलाला केवळ दोष देणे अन्यायाचे होईल. धान्य वाढले. बीजोत्पादनाच्या ‘प्लॉट’मुळे अनेकांच्या हाती रोख पैसा आला. कापसाच्या प्लॉटात संध्याकाळी फुलांतील पुंकेसर काढायचे आणि सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे, हे नाजूक काम मुख्यतः बायका आणि मुली करीत. पूर्वी स्वतःसाठी बी निवडणारे हात आता दुसऱ्यासाठी बी घडवू लागले. बारवाले यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या मानात या हातांचाही वाटा आहे, असे मला वाटते.

मात्र सारेच बी गेले नाही. खरिपाची संकरित ज्वारी पावसात सापडून काळी पडे, कडबाही आखूड निघे. रब्बीत मालदांडी टिकली. ती सरळ वाण असल्याने तिचे बी आजही घरी राखता येते.

२००१च्या कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा व देवाणघेवाणीचा हक्क दिला आहे. पण बी निवडणारी नजर कायद्याने मिळत नाही. ती ज्यांच्याजवळ आहे, त्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत. आपल्या महाविद्यालयातील प्रत्येक खेडूत विद्यार्थ्याने या सुट्टीत अशा एकीजवळ बसून तिचे ज्ञान वहीत उतरवून घेतले, तर शेतकऱ्याचे दप्तर लिहिण्यास सुरुवात होईल.